ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि आहारातलं कॅल्शियम: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ड जीवनसत्त्वाचा आकडा खाली दिसला की लोक गोळ्या सुरू करतात आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात जाऊन बसतात. कॅल्शियमचा विषय निघालाच, तर “तपासलंय, नॉर्मल आहे” असं उत्तर मिळतं. माझा आग्रह मात्र उलट क्रमाचा आहे. आपण दिवसाला किती कॅल्शियम खातो ते आधी मोजावं, मग ड जीवनसत्त्वाच्या आकड्याकडे वळावं. ही दोन्ही कामं एकत्र केली तरच हाडांना त्याचा उपयोग होतो.

हे प्रौढांसाठी लिहिलं आहे. लहान मुलं, गर्भवती आणि डायलिसिसवर असलेले रुग्ण यांची गणितं वेगळी असतात, ती इथे घेतलेली नाहीत.

आधी शरीरात काय घडतं ते समजून घ्या

शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं एक टक्का रक्तात आणि पेशींत असतं आणि त्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, नसांमधले संदेश चालतात. म्हणून रक्तातली पातळी शरीर कसोशीने सांभाळतं. आहारातून कॅल्शियम कमी आलं की मानेतल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त संप्रेरक सोडतात, आणि ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. अडचणीला मुदत ठेव मोडून घरखर्च भागवावा, तसंच हे. रोजचा खर्च चालू असतो, त्यामुळे ठेव आटत चालल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणूनच “रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल” याचा अर्थ “मी पुरेसं कॅल्शियम खातो” असा होत नाही. वर्षानुवर्षं कमी कॅल्शियम खाणाऱ्या माणसाचाही तो आकडा अगदी व्यवस्थित येऊ शकतो. त्याची हाडं तेवढी झिजत असतात.

ड जीवनसत्त्वाचं मुख्य काम म्हणजे आतड्यातून कॅल्शियम आत घेणं. ते पुरेसं असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण ३० ते ४० टक्के शोषलं जातं. फारच कमी असेल तर हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांवर येतं. आता दोन्ही बाजूंनी विचार करा. ताटात कॅल्शियम भरपूर आहे पण ड नाही, तर बरंचसं वाया जातं. ड भरपूर आहे पण ताटात कॅल्शियमच नाही, तर शोषायला काही नसतं. दुसरी परिस्थिती सर्रास आढळते आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

पायरी १: सात दिवस खाल्लेलं लिहून काढा

एक वही घ्या किंवा फोनमध्ये लिहा. सगळं लिहायची गरज नाही. ज्यांतून कॅल्शियम खरोखर येतं तेवढंच टिपायचं: दूध, दही, ताक, चीज, पनीर, कॅल्शियम घातलेलं सोया किंवा ओटचं दूध, टोफू, काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे, हिरव्या पालेभाज्या, बदाम, तीळ. सोबत अंदाजे प्रमाण लिहा. कप किती मिलिलिटरचा आणि वाटी किती ग्रॅमची, हे एकदाच मोजून ठेवा. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. “मी रोज दूध घेते” म्हणणारी व्यक्ती प्रत्यक्षात चहाकॉफीत ५० मिलिलिटर घालत असते.

मोजायला लागणारे आकडे थोडेच आहेत. १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, १०० ग्रॅम दह्यातही जवळपास तेवढंच. साय काढल्याने किंवा दूध उकळल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. ३० ग्रॅम कडक चीजमध्ये सुमारे २०० मिलिग्रॅम. काट्यांसकट डबाबंद सार्डिन १०० ग्रॅम खाल्ले तर ३८० च्या आसपास. कॅल्शियमचा क्षार घालून बनवलेल्या १०० ग्रॅम टोफूत २०० ते ३५० मिलिग्रॅम मिळतं, मात्र वेष्टनावर तसा घटक लिहिलेला असायला हवा, कारण दुसऱ्या पद्धतीने बनवलेल्या टोफूत ते बरंच कमी असतं. धान्य, डाळी, भाज्या, फळं यांतून दिवसभरात थोडं थोडं येतं. त्याचा हिशोब करत बसू नका, सरसकट २५० मिलिग्रॅम धरा.

एक उदाहरण पाहू. ४५ वर्षांची बाई. दिवसात दोन कप कॉफी, मिळून १०० मिलिलिटर दूध: १२० मिलिग्रॅम. जेवणात १०० ग्रॅम दही: आणखी १२०. बाकी आहाराचे २५०. बेरीज ४९०.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये जाहीर केलेल्या शिफारशींनुसार १९ ते ५० वयाच्या प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम लागतं. ५० नंतर बायकांना १२००, पुरुषांना ७० पर्यंत १००० आणि त्यानंतर १२००. ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी ७०० ची शिफारस आहे, युरोपीय अन्नसुरक्षा संस्था २५ वर्षांपुढे ९५० सांगते. देशोदेशीचे आकडे वेगळे असले तरी आपल्या उदाहरणातली बाई सगळ्याच मोजपट्ट्यांनी मागे आहे. ड जीवनसत्त्वाच्या कितीही गोळ्या घेतल्या तरी ही तूट तशीच राहणार.

पायरी २: तूट आधी ताटातून भरा

उदाहरणातल्या बाईला १००० गाठायला आणखी ५१० मिलिग्रॅम हवेत. २०० मिलिलिटर दूध (२४०), आणखी १०० ग्रॅम दही (१२०) आणि ३० ग्रॅम चीज (२००) मिळून ५६० होतात. झालं काम. दूधदुभतं न खाणाऱ्यांना कॅल्शियम घातलेलं सोया दूध २०० मिलिलिटर आणि कॅल्शियमवालं टोफू १०० ग्रॅम यांतून जवळपास तेवढंच मिळतं. अशा दुधाचा डबा ओतण्याआधी नीट हलवा. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं आणि न हलवता प्यायलं तर ते डब्यातच राहून जातं.

पालेभाज्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. पालकात कॅल्शियम असतं, १०० ग्रॅम पानांत साधारण १०० मिलिग्रॅम. पण पालकातलं ऑक्झलेट (वनस्पतींतलं एक नैसर्गिक रसायन) त्याला घट्ट बांधून ठेवतं आणि शोषण जेमतेम ५ टक्के होतं, म्हणजे हाती ५ मिलिग्रॅम. तेवढ्याच दुधातून ३५-४० मिलिग्रॅम रक्तात पोचतं. पालक खाऊ नका असं मी म्हणत नाही, त्यात इतर अनेक चांगल्या गोष्टी आहेत. कॅल्शियमच्या बेरजेत मात्र तो धरू नका. केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), ब्रोकोली, कोबी यांत ऑक्झलेट कमी असल्याने त्यांचं कॅल्शियम चांगलं शोषलं जातं, अगदी दुधापेक्षाही थोडं जास्त, पण दुधाइतकं कॅल्शियम मिळवायचं तर बरीच भाजी खावी लागते. तिळाचंही तसंच. सालासकट तिळाचा आकडा मोठा दिसतो, पण सालातलं बरंचसं कॅल्शियम ऑक्झलेटशी बांधलेलं असतं. साल काढलेल्या तिळात मूळ आकडाच बराच खाली येतो.

वहीत लिहिताना शोषणाच्या टक्क्यांनी गुणाकार करायचा नाही. १००० मिलिग्रॅमचं उद्दिष्ट ठरवतानाच सगळं शोषलं जात नाही हे गृहीत धरलेलं आहे.

दूध पचत नसेल तर बऱ्याच जणांना दही आणि मुरवलेलं चीज चालतं, कारण त्यांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी असते. मिठाकडेही लक्ष ठेवा, जास्त मीठ खाल्लं की लघवीवाटे जास्त कॅल्शियम जातं. कॉफीचा परिणाम त्या मानाने किरकोळ, त्यात थोडं दूध घातलं तर भरपाई होते.

मुतखडा झालेले बरेच जण घाबरून दूधदही बंद करतात. हे करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, त्यामुळे नेहमीच्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यांत पुरेसं कॅल्शियम असलेला आहार उलट उपयोगी पडतो. गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येते.

पायरी ३: तपासणी करायची का, आणि कोणती?

प्रत्येकाने दरवर्षी ड जीवनसत्त्व तपासावं, याला आधार नाही. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असंच म्हटलं आहे. तपासणीला अर्थ असतो तो पुढच्या परिस्थितींत: हाडं ठिसूळ झालेली असणं किंवा किरकोळ पडण्याने मोडणं, सिलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) किंवा आतड्याचा दुसरा दीर्घ आजार, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार, फेनिटॉइन, फेनोबार्बिटल (फिटांची औषधं), रिफॅम्पिसिन (क्षयरोगाचं औषध) किंवा स्टिरॉइड दीर्घकाळ चालू असणं, उन्हाशी संबंधच न येणं, आणि लक्षणं असणं.

लक्षणांबद्दल नेमकं बोलू. थकवा, केस गळणं, मूड जाणं यांना शंभर कारणं असतात. तीव्र कमतरतेने हाडं मऊ पडतात तेव्हाचं चित्र वेगळं आणि ओळखू येण्यासारखं असतं. कंबर, कुल्ला, मांड्या, बरगड्या यांत खोल, पसरलेलं दुखणं. नडगीचं हाड अंगठ्याने दाबलं की दुखतं. खुर्चीवरून उठताना हातांचा आधार घ्यावा लागतो, जिना चढताना मांड्यांत जोर येत नाही, चाल डोलती होते. असं असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. ते ड जीवनसत्त्वासोबत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन आणि गरज वाटल्यास पॅराथायरॉइड संप्रेरक तपासतील. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं आणि फॉस्फरस खाली, ही जोडी हाडं मऊ पडल्याकडे बोट दाखवते.

तपासणीचं नाव नीट पाहा. हवी असते ती २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. नावात १,२५-डायहायड्रॉक्सी असेल तर ती वेगळी तपासणी आहे आणि कमतरता शोधायला ती चुकीची. कमतरता असतानाही पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या रेट्यामुळे ती नॉर्मल किंवा वाढलेली येऊ शकते, आणि माणूस निर्धास्त होतो.

पायरी ४: आकडा वाचताना आधी एकक पाहा

काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर देतात, काही नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्याला अडीचने गुणलं की दुसरा मिळतो. म्हणजे एकाच्या रिपोर्टवर ४० नॅनोमोल आणि दुसऱ्याच्या रिपोर्टवर १६ नॅनोग्रॅम असेल तर दोघं एकाच जागी आहेत. इंटरनेटवरच्या तक्त्याशी ताडून पाहताना एकक चुकलं तर कमतरता असलेला माणूस स्वतःला ठणठणीत समजतो.

नॅनोग्रॅममध्ये १२ च्या खाली असेल तर स्पष्ट कमतरता, यावर फारसं दुमत नाही. २० किंवा त्याहून जास्त पातळी बहुतेकांच्या हाडांसाठी पुरेशी, असं २०११ चा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल सांगतो. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने २१ ते २९ ला “अपुरं” म्हटलं होतं, त्यामुळे अनेक रिपोर्टवर ३० च्या खालचं सगळं ठळक छापून येतं. २०२४ मध्ये त्याच सोसायटीने हे जुने टप्पे सोडून दिले. म्हणून तुमचा आकडा २४ असेल, हाडांचा त्रास नसेल आणि वर सांगितलेला कोणताही आजार नसेल, तर घाबरण्यासारखं काही नाही. पायरी १ आणि २ नीट करा.

पायरी ५: ऊन

त्वचेत ड जीवनसत्त्व बनतं ते उन्हातल्या अतिनील ब किरणांनी, आणि हे किरण सूर्य वर असतानाच जमिनीवर पुरेसे पोचतात. सोपी खूण आहे: उभं राहून स्वतःची सावली पाहा. सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर ड जीवनसत्त्व फार कमी बनतंय. पहाटेचं कोवळं ऊन प्रसन्न असतं, पण या कामाचं नाही. काचेआड बसून तर काहीच होत नाही, काच हे किरण अडवते. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत हिवाळ्यात दुपारीही सूर्य पुरेसा वर येत नाही.

किती मिनिटं बसायचं याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. गडद त्वचेला जास्त वेळ लागतो, वय वाढेल तशी त्वचेची क्षमता घटते, किती अंग उघडं आहे त्यावरही ठरतं. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ, आणि त्वचा लाल होण्याच्या आत सावलीत, एवढं पाळा. त्वचेच्या कर्करोगाचा धोका असलेल्यांनी, ऊन सोसत नाही अशी औषधं घेणाऱ्यांनी उन्हाच्या मागे लागू नये. त्यांच्यासाठी गोळी आहे.

आहारातून ड जीवनसत्त्व फारसं मिळत नाही. सामन, मॅकेरल, सार्डिन यांसारखे तेलकट मासे, कॉड माशाच्या यकृताचं तेल, अतिनील प्रकाश दिलेली अळिंबी आणि ड घातलेलं दूध हे मुख्य स्रोत. एका अंड्याच्या बलकात साधारण ४० आंतरराष्ट्रीय एककं (पाकिटावर IU) असतात, आणि रोजची गरज ७० वर्षांपर्यंत ६००, पुढे ८०० एककं.

पायरी ६: ड जीवनसत्त्वाची गोळी

डोसाची चिठ्ठी हातात आली की एकच गोष्ट दोनदा वाचा: रोज की आठवड्यातून एकदा? हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण इथली चूक महागात पडते. कमतरतेवर प्रौढांना दिला जाणारा एक प्रचलित डोस म्हणजे आठवड्याला ५०,००० एककं, आठ आठवडे. किंवा त्याऐवजी रोज ६,००० एककं. त्यानंतर रोज १,५०० ते २,००० वर राहायचं. आठवड्याची गोळी कुणी रोज घेत गेलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं: मळमळ, खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा, आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. घरात वयस्कर माणसं असतील तर आठवड्याचा वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. संपूर्ण कोर्स एकाच वेळी घरात न आणणं आणखी चांगलं.

डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४,००० एककांच्या वर जाऊ नका. वर्षाचा डोस एकदाच घेऊन मोकळं व्हायचं, हाही मोह टाळा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७० च्या पुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५,००,००० एककं दिली, तर त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं वाढलं.

गोळी जेवणासोबत घ्या, हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळतं. ड-२ आणि ड-३ असे दोन प्रकार असतात, ड-३ ने पातळी जास्त चांगली वाढते आणि टिकते. लठ्ठ व्यक्तींना आणि शोषणाचा त्रास असलेल्यांना दुप्पट-तिप्पट डोस लागू शकतो. सारकॉइडोसिस (फुफ्फुसांत वगैरे सुजेच्या गाठी होण्याचा आजार), जुना क्षयरोग, पॅराथायरॉइडचा आजार, मुतखडा किंवा रक्तदाबासाठी थायझाइड गटाची गोळी, यांपैकी काही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

आणि या आठ आठवड्यांत कॅल्शियमची वही बंद करू नका. तीव्र कमतरता असलेली भुकेली हाडं उपचार सुरू झाल्यावर कॅल्शियम खेचू लागतात, नेमकं तेव्हाच ताट रिकामं असेल तर रक्तातली पातळी खाली येऊ शकते. ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या, हातापायांत पेटके आले तर लगेच दाखवा. हाडं बळकट करण्याची झोलेड्रोनेट किंवा डेनोसुमॅब ही इंजेक्शनं घ्यायची असतील तर ड आणि कॅल्शियम दोन्ही आधी भरून घ्यावी लागतात, ती याच कारणाने.

पायरी ७: कॅल्शियमची गोळी, लागलीच तर

पायरी २ नंतरही तूट राहिली तर तेवढ्यापुरतीच गोळी घ्या. ताटातून ८०० येत असतील तर १००० ची गोळी कशाला?

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत पाहा. “कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम” लिहिलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं, कारण कार्बोनेटचा ४० टक्के भाग कॅल्शियमचा. सायट्रेटमध्ये हा भाग २१ टक्के, म्हणून तेवढ्याच कॅल्शियमसाठी गोळ्या जास्त लागतात. कार्बोनेट स्वस्त पडतं पण पोटातल्या आम्लावर अवलंबून असतं, म्हणून जेवणासोबतच घ्या. आम्लपित्ताची गोळी रोज घेणाऱ्यांना सायट्रेट बरं, ते रिकाम्या पोटीही चालतं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत शोषण चांगलं होतं. त्याहून जास्त हवं असेल तर सकाळ-संध्याकाळ विभागा.

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. लोह, टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं आणि अॅलेंड्रोनेटसारख्या हाडांच्या गोळ्यांनाही कॅल्शियम आडवं येतं. किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारा. आहार आणि गोळ्या मिळून ५० वर्षांपर्यंत २५०० आणि पुढे २००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. ऋतुसमाप्तीनंतरच्या हजारो स्त्रियांवरच्या एका मोठ्या चाचणीत, २००६ च्या निष्कर्षांनुसार, कॅल्शियम आणि ड च्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. ताटातल्या कॅल्शियमवर मी भर देते तो यासाठीही.

पायरी ८: पुन्हा कधी तपासायचं

रक्तातल्या २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीचं अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ, दोन ते तीन आठवडे असतं, त्यामुळे पातळी स्थिरावायला तीनेक महिने लागतात. पंधरा दिवसांनी केलेली तपासणी काही सांगत नाही. उपचार सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी एकदा पाहा. आकडा वाढला नसेल तर आधी गोळ्या खरंच नियमित घेतल्या का ते तपासा, मग आतड्याच्या शोषणाचा प्रश्न आहे का याचा शोध डॉक्टरांसोबत घ्या.

आकडा २० च्या वर गेला की आणखी वर चढवत नेण्यात हाडांचा फायदा दिसत नाही. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या व्हायटल चाचणीत रोज २,००० एककं घेऊनही मोडणाऱ्या हाडांचं प्रमाण घटलं नाही, असं २०२२ मध्ये दिसून आलं. त्या लोकांची निवड कमतरता पाहून केलेली नव्हती, बहुतेकांची पातळी मुळात ठीक होती. ज्यांना खरी कमतरता आहे त्यांनी यावरून गोळी सोडू नये.

तपासणीला जाल त्याच आठवड्यात वहीही पुन्हा सात दिवस भरा, आणि डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टसोबत तीही न्या.